पूर्वेची कड साफ केलीत का? कोकणातल्या आंबा-काजू बागायतदारांसाठी फेब्रुवारी ते एप्रिलचा सल्ला

बागायतदार मंडळी, तुडतुडे, थ्रिप्स आणि भुरी यांवरचे सल्ले या दिवसांत तुम्हाला सगळीकडून मिळतील. नेहमीच्या कामांची यादी मीही खाली दिली आहे. पण ती वाचण्याआधी बागेच्या पूर्वेच्या कडेला एक फेरी मारून या. गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गवत किती उंच उभं आहे आणि गडग्याच्या आत पाला किती साचलाय, एवढंच बघा. गवत कमरेएवढं असेल तर वणव्याचा धोका आहे, यंदाच्या मोहोराचा हिशेब अजून करू नका.

वणव्यात गेलेल्या बागा मी वर्षानुवर्षं बघत आलोय. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच चित्र असतं. रस्त्याकडची, फाटकाकडची, मांगराभोवतीची जागा बेणून लख्ख केलेली आणि वरची, डोंगराकडची बाजू तशीच सोडलेली. आग मात्र वरूनच येते. कलमांची पूर्वेकडची पानं तांब्याच्या रंगाची होतात, पश्चिमेची हिरवीच राहतात. ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटतात. फळं लगेच पडत नाहीत. एका अंगाने शिजल्यासारखी झालेली कैरी दोन-तीन दिवस देठाला लटकते आणि मग सगळी एकदम खाली येते. आग बागेतून जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि बारा-पंधरा वर्षांची कलमं तेवढ्यात संपतात.

वरची बाजू का सोडतात, हे विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आग वर चढते, खाली उतरत नाही." वारा नसेल तर हे खरं आहे. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे जो पूर्वेचा वारा सुटतो, त्यात ते साफ खोटं ठरतं.

हा वारा येतो कुठून ते नीट समजून घ्या. एरवी आपल्या किनाऱ्याचा दिवस ठरलेला असतो. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा, मग जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमाराला समुद्राकडून खारा वारा. खारा वारा दमट असतो, गवतात थोडा ओलावा परत आणतो आणि पाराही खाली ठेवतो. पण देशावर, म्हणजे घाटापलीकडच्या पठारावर, हवेचा दाब वाढला की पूर्वेचे वारे जोर धरतात आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारी दोन-दोन, तीन-तीन वाजेपर्यंत किनाऱ्यावर पाय ठेवू देत नाहीत. देशावरची हवा मुळात कोरडी. ती घाटमाथ्यावरून खाली उतरते तेव्हा दाबली जाते आणि दर १०० मीटरला साधारण १ अंश तापते. सात-आठशे मीटर उतरून आपल्या वाडीत पोचेपर्यंत ती सात-आठ अंशांनी तापलेली असते. पाण्याचा अंश तेवढाच राहतो, म्हणून आर्द्रता घसरते. अशा दिवशी रत्नागिरी-सिंधुदुर्गात पारा ३७-३८ च्या वर जातो. किनारपट्टीवर ३७ अंश किंवा जास्त तापमान आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ झाली की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. बागायतदाराने ती घोषणा ऐकली की उन्हाच्या आधी वणव्याचा विचार करावा.

त्यात आपलं गवत. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणून सड्यावर गवत माजतं. कातळ पाणी धरत नाही, म्हणून जानेवारीतच ते वाळून कडकडीत होतं. म्हणजे जो पाऊस आपण भरपूर म्हणून मोजतो, तोच फेब्रुवारीत जळणासाठी उभा असतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. कॅलिफोर्नियात वाळवंटाकडून डोंगर उतरून समुद्राकडे जाणाऱ्या अशाच कोरड्या वाऱ्याला सांता आना म्हणतात. ७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आणि ईटन भागांत आगी लागल्या त्या याच वाऱ्यात. पहिल्या रात्री वारा इतका होता की पाणी टाकणारी विमानं उडवता आली नाहीत. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या व्हेंचुरा काउंटीत अशाच वाऱ्यात लिंबाच्या आणि ॲव्होकाडोच्या बागा होरपळल्या. त्यांचा वारा आपल्यापेक्षा खूप जोराचा, पण चाल तीच: डोंगराकडून खाली, समुद्राकडे. आपल्या शेजारी गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि सत्तरीच्या डोंगरांत किती दिवस धूर होता, ते सगळ्यांनी पाहिलंय. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. तुमच्या काजूच्या बागेसाठी हेलिकॉप्टर येणार नाही. तिथे तुम्ही, तुमचा शेजारी आणि साफ केलेली पूर्वेची कड एवढंच असणार आहे.

वारा फिरलाय हे कसं ओळखायचं

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा आणि हवामान खात्याचा सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. मेघदूत ॲपवरही मिळतो. त्यात "पूर्वेकडील वारे", "आर्द्रतेत घट" असे शब्द दिसले की सावध व्हा. आगीची कामं करणारे जगभर ३०-३०-३० चा आडाखा वापरतात: तापमान ३० च्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. माझं मत असं की आपल्या सड्यावरच्या गवताला एवढा वाराही लागत नाही. आर्द्रता ३० च्या खाली गेली की ताशी १५ चा वाराही पुरतो.

ॲप नसेल तर या खुणा बघा. यांना पुस्तकाचा आधार मागू नका, पण त्या मला क्वचितच चुकलेल्या दिसल्यात.

सकाळी सातला गवतावर दव नाही. डोंगराची धार एरवी धुरकट असते, ती आज कापल्यासारखी स्वच्छ दिसते. स्वयंपाकघरातलं मीठ एरवी बरणीत ओलसर गोळा होतं, ते सुटं पडतं. गवताची मूठ आठ वाजताच चुरली तर आवाज करून मोडते. आणि सगळ्यात पक्की खूण: अकरा वाजून गेले तरी चुलीचा धूर समुद्राकडेच कललेला. एवढं दिसलं की त्या दिवशी बागेत काडी ओढायची नाही. कसल्याही कारणासाठी नाही.

पूर्वेची जाळरेषा

आता मूळ काम. जाळरेषा म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून उघडा केलेला जमिनीचा पट्टा. बाकी तिन्ही बाजूंना १० फूट पट्टा पुरेल, पूर्वेला आणि चढाच्या बाजूला किमान २० फूट हवा. गवत छातीएवढं असेल तर आणखी वाढवा. हे माप माझं, सरकारी नव्हे. वन खात्याच्या जाळरेषा याहून रुंद असतात, पण दोन एकरवाल्याने एवढं तरी करावंच.

गवत मुळापासून कापायचं, दाताळ्याने ओढायचं आणि पट्ट्याबाहेर न्यायचं. कापून तिथेच पसरून ठेवलेलं गवत उभ्या गवताइतकंच पेटतं. ग्रासकटर फिरवला, फोटो काढला आणि काम झालं असं समजणारे पुष्कळ आहेत. जमीन दिसली पाहिजे. मशीन चालवायचं ते सकाळी लवकर, शेजारी पाणी ठेवून. पातं कातळावर घासलं तरी ठिणगी उडते.

दुसरी चूक याहून जास्त लोक करतात. डिसेंबरमध्ये पट्टा मारतात आणि नंतर तिकडे फिरकत नाहीत. पूर्वेचा वारा सुटला की सागाचा, काजूचा, किंजळीचा पाला उडून त्याच पट्ट्यात साचतो. फेब्रुवारीच्या शेवटी तिथे वीतभर पाला असतो आणि आग त्यावरून आरामात चालत येते. आठवड्यातून एकदा, ठरवून एका वारी, पूर्वेचा पट्टा झाडायचाच. शिमग्याला मुंबईहून माणसं घरी येतात, त्यांना पालखीआधी एक सकाळ तिकडे न्या.

सगळ्यांनी आपापली चौकोनी रेघ मारण्यापेक्षा पूर्ण वाडीने मिळून सड्याच्या काठाने एकच लांब पट्टा काढला तर मजुरी खूप वाचते. वरची जमीन परक्याची किंवा मुंबईकर भावकीची असेल तर फोन करून परवानगी घ्या. ते नाही म्हणत नाहीत, त्यांना कोणी विचारत नाही.

पट्ट्याने सगळं थांबेल असंही समजू नका. जोराच्या वाऱ्यात ठिणगी वीस फूट सहज उडते. म्हणून आतल्या पहिल्या दोन ओळींखालचा पालाही काढा आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या कापा. पट्ट्याचा खरा उपयोग असा की आगीसमोर उभं राहायला माणसाला जागा मिळते.

आता दुकानदारांविषयी. पट्ट्यावर तणनाशक मारा, मजुरी वाचेल, असा सल्ला काउंटरवर हमखास मिळतो. पक्क्या झालेल्या गवतावर ते नीट लागत नाही, आणि लागलं तरी काय होतं? हिरवं राहिलेलं गवतही उभ्या-उभ्या वाळतं. म्हणजे पैसे देऊन तुम्ही पूर्वेच्या कडेला सरपण उभं केलंत. तो पैसा दोन मजुरांच्या दोन दिवसांच्या मजुरीत घाला.

आळ्यातलं आच्छादन

इथे अडचण आहे, ती लपवत नाही. विद्यापीठ सांगतं की फळं वाटाण्याएवढी झाली की कलमाला १५० ते २०० लिटर पाणी, १५ दिवसांच्या अंतराने ३-४ वेळा द्या आणि आळ्यात गवताचं आच्छादन करा. ओल टिकवायला हे बरोबरच आहे. पण तेच सुकं गवत बुंध्याला टेकलेलं असेल तर आग थेट सालीपर्यंत पोचते. माझा मार्ग असा: बुंध्यापासून दोन फूट जागा मोकळी, आच्छादनावर मातीचा पातळ थर, आणि दोन आळ्यांच्या मधली जमीन उघडी. पूर्वेच्या पहिल्या दोन ओळींत मी आच्छादन घालायला सांगतच नाही, तिथे एखादं पाणी जास्त द्या.

भाजावळ

राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून, भाजावळ करणाऱ्यांना एकच विनंती. सकाळचा गारवा बघून काडी लावू नका. सकाळी तुम्हाला वारा पडलेला वाटतो. नऊ-दहाला पूर्वेचा जोर वाढतो आणि राखेखालचा निखारा तेव्हा उडतो. खारा वारा स्थिरावल्यावर, उन्हं उतरताना, चार माणसं आणि भरलेला पंप शेजारी ठेवून छोटे छोटे तुकडे भाजा. पूर्वेचा वारा असलेल्या आठवड्यात तर भाजावळ पुढे ढकलाच, राब आठ दिवसांनी भाजला तर भाताचं काही बिघडत नाही.

सडा पेटवला की गुरांना चांगलं गवत येतं, काजूखालचा पाला जाळला की बी वेचायला सोपी जाते, ही दोन कारणं अजूनही ऐकू येतात. काजूची साल पातळ. खालून पाला जाळलेलं झाड मरत नाही तेव्हा आजारी होतं आणि दोन वर्षांत रोठा (खोड पोखरणारी कीड) त्यात शिरतो. बी वेचायची असेल तर खराटा आहे. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, तेही लक्षात असू द्या.

बागेवरून विजेच्या तारा जात असतील तर त्याखालची जागाही पूर्वेच्या कडेइतक्याच काळजीने साफ ठेवा. सैल तारा जोराच्या वाऱ्यात एकमेकींना घासतात. वीज कंपनीला लेखी अर्ज आताच द्या आणि पोच घ्या. आग लागल्यानंतर तोच कागद कामाला येतो.

नेहमीची कामं

आंबा
- वाटाणा, गोटी आणि अंडी अवस्थेत १ टक्का पोटॅशियम नायट्रेट (१० लिटर पाण्यात १०० ग्रॅम)
- फळं अंड्याएवढी होताना २५ × २० सेंमीच्या कागदी पिशव्या
- फळमाशीसाठी हेक्टरी ४ रक्षक सापळे
- काढणीआधी महिनाभर पाणी बंद
- फवारणी सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर, भर उन्हात नाही

काजू
- पडलेली बी रोज वेचणे
- बुंध्याशी भुसा दिसतो का पाहणे

नवी कलमं
- पहिल्या वर्षी आठवड्याला, दुसऱ्या वर्षी पंधरवड्याला, तिसऱ्या वर्षी महिन्याला पाणी
- पश्चिमेच्या उन्हाला सावली

नारळ, सुपारी
- ५ ते ६ दिवसांनी पाणी

वायंगणी (उन्हाळी) भात
- बांधीत ५ सेंमी पाणी

उष्णतेपासून मोहोर वाचवणारी म्हणून जी महागडी टॉनिकं या दिवसांत गळ्यात मारली जातात, त्यांच्यासाठी विद्यापीठाची शिफारस दाखवा असं सरळ विचारा. दाखवता आली नाही तर बाटली परत ठेवा.

आग दिसली तर

आधी फोन: वन खात्याचा १९२६, अग्निशमनाचा १०१ किंवा ११२. भारतीय वन सर्वेक्षणाचा आगीचा एसएमएस मोफत मिळतो, नोंदणी करून ठेवा. पण तो उपग्रहावर चालतो, आणि उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा वरून जातो. तो येईपर्यंत थांबलात तर बाग गेली.

फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप आणि भरलेली टाकी फेब्रुवारीपासून पूर्वेच्या बाजूला उभी ठेवा. इंजिन आठवड्यातून एकदा चालू करून बघा. ओल्या डहाळ्या आणि ओली गोणपाटं तिथेच असू द्या. अंगात सुती कपडे, पायात बूट. नायलॉन अंगावर वितळतं.

आता वाऱ्याची एक गोष्ट फार काळजीपूर्वक वाचा, कारण यात माणसं जातात. सकाळी पूर्वेच्या वाऱ्यात आग पश्चिमेकडे, म्हणजे खाली धावते. सगळी माणसं तिच्या तोंडाकडे जातात. तिची मागची, पूर्वेची शेपटी मंद जळत असते, गुडघ्याएवढीही ज्वाळा नसते, म्हणून तिकडे कोणी बघत नाही. मग बारा-एकला किंवा त्याहून उशिरा खारा वारा येतो आणि वारा उलटा फिरतो. मघाची शेपटी आता तोंड होते आणि तिला वर चढ मिळतो. उतार १० अंशांनी वाढला की चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. त्या वेळी वरच्या अंगाला उभा असलेला माणूस पळून पळेल किती?

म्हणून पहिल्या मिनिटापासून दोन जाणती माणसं शेपटी विझवायला ठेवा. आगीच्या वर, चढावर कोणीही उभं राहायचं नाही; शेपटी विझवणाऱ्यांनीही आतल्या, जळून गेलेल्या बाजूनेच काम करायचं. विझवायला शेपटीकडून सुरुवात करून कडेकडेने तोंडाकडे सरका, पाठीशी कायम जळून गेलेली काळी जमीन ठेवा. अंगावर आग आली तर त्या काळ्या जागेतच जायचं. अकरानंतर एकाने फक्त धुराकडे बघत राहायचं आणि धूर सरळ वर जायला लागला की ओरडून सांगायचं. वारा फिरण्याआधी तो काही क्षण पडतो. पंप, नळी, ठिबक काहीही वाचवायला कोणी आत धावू नये.

विझली म्हणून घरी जाऊ नका. काजूची जुनी खुंटं, सुकी मुळं आणि शेणाच्या गोवऱ्या आतल्या आत रात्रभर धुमसतात. रात्री मतलई सुटतो, पहाटे पूर्वेचा जोर येतो आणि कालची विझलेली आग पुन्हा उभी राहते. दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत पहारा ठेवा. हाताची पाठ राखेजवळ धरा. धग लागली तर तिथे पाणी ओता, उकरा, पुन्हा ओता.

आग लागून गेली असेल तर

काहीही हलवण्याआधी फोटो, मग पोलीस पाटील, तलाठी आणि कृषी सहायकांना बोलावून पंचनामा. कलमांची संख्या, वय आणि जात लिहून घ्या. ठिणगी तारांची असेल तर वीज कंपनीकडे आणि विद्युत निरीक्षकांकडेही लेखी कळवा. फळपीक विमा तापमान, पाऊस, वारा यांच्या आकड्यांवर चालतो. वणव्याची भरपाई त्यातून मिळेल या भरवशावर राहू नका.

जळलेलं कलम लगेच तोडू नका. बुंध्याची साल चार बाजूंनी नखाएवढी खरवडा. आत ओलसर, पांढरट-हिरवं दिसलं तर त्या बाजूला जीव आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर ती बाजू गेली. चारपैकी दोन बाजू जिवंत असतील तर मी ते झाड पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवतो. आळ्यात पाणी द्या, उघड्या पडलेल्या खोडाला उन्हाने भेगा पडू नयेत म्हणून चुन्याचा हात मारा, यंदाची उरलेली फळं काढून टाका. फांद्यांची छाटणी पावसाळ्यानंतर, पालवी कुठून फुटते ते बघून करा. छाटलेल्या जागी १० टक्के बोर्डोपेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

जळलेली कलमं परत हिरवी करतो म्हणून कोणी बाटली घेऊन दारात आला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. मेलेल्या सालीवर काम करणारं औषध नाही.

आणि जळलेल्या बागेतही पूर्वेचा पट्टा पुन्हा झाडून घ्या. आगीनंतर अर्धवट होरपळलेली पानं आठ-दहा दिवसांत गळून खाली साचतात, आणि एप्रिल संपेपर्यंत पूर्वेचा वारा परत येऊ शकतो.